गाडी ठेवायची की मोडायची?

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या एका बालमित्राचा फोन आला. म्हणाला, "तू शिकलेला माणूस. एकदा येऊन गाडी बघून जा. काय करावं कळत नाही." आता मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. गाडीतलं मला पंक्चरच्या पलीकडं काही समजत नाही. तरी गेलो, कारण ती गाडी म्हणजे टुरिंग टॉकीजचा ट्रक आहे, आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत माझ्या मित्राचं घरही तेच.

तुमच्यातल्या तरुण श्रोत्यांनी हा प्रकार पाहिलाही नसेल. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीच्या खंडोबाची, मग चैत्रात गावोगावच्या जत्रा. त्या त्या मुक्कामी तंबू ठोकायचा आणि सिनेमा दाखवायचा. प्रोजेक्टर ट्रकमध्येच कायमचा बसवलेला. हौद्याला चौकोनी भोकं पाडलेली, त्यातून उजेडाचा झोत तंबूतल्या पडद्यावर जायचा. प्रोजेक्टरच्या मागं फळ्यांची भिंत आणि भिंतीआड संसार: एक बाजलं, स्टोव्ह, पत्र्याची ट्रंक, खिळ्याला आरसा. मित्राच्या वडिलांनी तो ट्रक घेतला तेव्हा आम्ही शाळेत होतो. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर हिंडायचो आणि भोंग्यावरून खेळाचा पुकारा करायचो. लोकांनी मान वळवून बघावं म्हणून यमकं जुळवायचो. माझी कविता तिथं सुरू झाली. पुढं समीक्षकांनी तिची मुळं कुठं कुठं शोधली, पण भोंग्यापाशी कुणी पोचलं नाही.

असो. मित्रानं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी इंजिनाकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "इंजिन होतं. बोअर करू, पिस्टन बदलू, ते माझ्यावर सोडा." आणि हातोडी घेऊन गाडीखाली शिरले. चेसीवर ठिकठिकाणी हातोडी मारत गेले. ठण्, ठण्, ठण्... आणि मागच्या पाट्याच्या हँगरजवळ आवाज बदलला. थप्प. आयुष्यभर शब्दांचे आवाज ऐकत आलोय, पण तो बदल मलाही ऐकू आला. तिथं गंजाची पापुद्री निघाली आणि खाली केसासारखी चीर दिसली. वरून छत गळत होतं, पाणी फळ्यांत मुरत होतं आणि फळ्यांतून त्याच जागी ठिबकत होतं. किती पावसाळे, कोण जाणे.

"वेल्डिंग मारा," मित्र म्हणाला. चाचा म्हणाले, "टाका धरायला चांगलं लोखंड लागतं. इथं पत्रा उरलाय. आज जोडीन, घाटात सुटेल. मागं तुझी बायको झोपलेली असेल." यावर कोण काय बोलणार?

तरी रात्री आम्ही हिशोबाला बसलोच. चेसीचा तुकडा बदलायचा, ब्रेक, टायर, नवं छत. वर दरवर्षीचं फिटनेस. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकांसाठी ते शुल्क कित्येक पटींनी वाढलं. दुसऱ्या बाजूला जुना छोटा टेम्पो. रिळं यायची थांबली, आता डिजिटल प्रोजेक्टर टेबलावर मावतो. मग एवढं धूड कशाला? टेम्पोचं पारडं जड झालं. मी कागदाखाली रेघ मारली, आणि जरा खूशच झालो स्वतःवर.

वहिनी भाकऱ्या थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "भावजी, त्यात सहा महिन्यांचं खोलीभाडं धरलंत का? टेम्पोत सामान झोपेल. आम्ही कुठं झोपायचं?"

नव्हतं धरलं. आम्ही दोघा पुरुषांनी सबंध रात्र गाडीचा हिशोब केला होता, घराचा केलाच नव्हता. पुन्हा मांडला. आता दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या. पैशानं निकाल लागेना, तेव्हा उरली ती फक्त चीर. वहिनींनीच विषय संपवला. "गाडी चालवायची नाही. पण फोडायचीही नाही."

म्हणजे काय, ते महिन्याभरानं बघितलं. चार माणसं आणि एक चेनपुली लावून चाचांनी हौदा चेसीवरून उतरवला होता आणि घरामागं दगडी जोत्यावर ठेवला होता. चेसी भंगारात जाणार होती. चेसी नंबरचा तुकडा कापून घेतला होता, कागदांबरोबर आरटीओत द्यायला. हे टाळू नये. गाडी कायमची निकामी झाली की मोटार वाहन कायद्याप्रमाणं चौदा दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर कागदावर ती जिवंत राहते. मित्रानं टेम्पो घेतला. पुसेगावला त्यानं यंदा खोली घेतली. खोलीत झोप लागत नाही म्हणतो, छत फार उंच आहे.

हौद्यावर नवा पत्रा पडलाय. आत वहिनींनी चूल मांडलीय. मी म्हटलं, "ही भोकं बुजवून टाका, थंडी येईल." त्या म्हणाल्या, "राहू द्या. धूर जायला बरी आहेत."