कोंडा, ढेप आणि माशांची पिले

तिरोडी म्हटली की डोळ्यांपुढे मँगनीजच्या खाणी उभ्या राहतात. परंतु बालाघाट जिल्ह्याचे खरे वैभव धानात आहे. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. जेथे धान तेथे गिरणी, आणि जेथे गिरणी तेथे कोंडा. हा कोंडा गुरे खातात, कोंबड्या खातात. तळ्यातील माशांची पिलेही त्यावर पोसली जातात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ साली ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी टोचणी देऊन हे मासे विणविले आणि बीज मुबलक होण्याची वाट खुली झाली. तथापि बीज मिळणे वेगळे व ते जगविणे वेगळे. जिऱ्याएवढ्या या पिलांपैकी कितीतरी पहिल्या पंधरवड्यातच दगावतात.

शेणखत घातलेल्या तळ्यात सूक्ष्म जीव वाढतात; तेच पिलांचे पहिले अन्न. ते पुरे पडत नाही, म्हणून भुईमुगाची ढेप व तांदळाचा कोंडा समभाग घेऊन, वस्त्रगाळ करून पाण्यावर टाकतात. एक लाख पिलांना पहिले ५ दिवस रोज ६०० ग्रॅम, पुढे १,२०० ग्रॅम, तेही दोन वेळां विभागून. अधिक घातल्यास ते तळाशी कुजते व पाण्यातील प्राणवायू घटतो. हलरमधून निघालेल्या कोंड्यात तुसाचा भुगा असतो; तो पिलांना पचत नाही, म्हणून चाळणी हवीच. शिवाय कोंडा तेलकट असल्याने लवकर खवट होतो. तो ताजाच वापरावा.

आता एक इशारा. या मुलखात मोहाची ढेप स्वस्त मिळते, म्हणून तीही खाद्यात मिसळण्याचा मोह होतो. पण तिच्यातील सॅपोनिन हे माशांना विष आहे. बीज सोडण्यापूर्वी भक्षक मासे मारण्यासाठी ती हेक्टरी सुमारे २,५०० किलो घालतात. दोन-तीन आठवड्यांनी विष उतरते आणि तिचेच खत होते. तीच ढेप बीज सोडल्यावर पाण्यात पडली, तर ढीमर कुटुंबाची वर्षाची मिळकत एका रात्रीत पालथी पडते.

ढेपेला ढेप म्हणून भागत नाही. ती कोणत्या बियांची आहे, हे आधी विचारले पाहिजे.