ओल्या पायांची फरशी

नव्या घरात पाऊल ठेवले की पाहुणा पहिली दाद फरशीला देतो. "तोंड दिसतंय की हो हिच्यात!" असे तो म्हणाला की घरमालक सुखावतो. दुकाने, दवाखाने, सभागृहे अशा ठिकाणी हिऱ्याचे कण बसवलेल्या चकत्यांनी घासून आरशासारखे केलेले काँक्रीटही आता दिसते. आपल्याला हा प्रकार अगदीच नवा नाही. सिमेंटचा कोबा आपण कैक वर्षे पाहत आलो. गवंडी त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून तो घोटायचा. पण तोच गवंडी मोरीत किंवा उतारावर आला, की ओल्या कोब्यात दोरी दाबून चौकडी उठवायचा. पाणी कुठे पडणार याचा हिशेब त्याच्या हातातच होता.

गुळगुळीत काँक्रीट कोरडे आणि स्वच्छ असेल तर सहसा दगा देत नाही. ते ओले झाले की गोष्ट बदलते. टाच झपकन टेकते, खालच्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही आणि पाऊल पाण्याच्या पातळ थरावर तरंगते. हा थर फोडायला फरशीवर बारीक उंचवटे लागतात. नुसत्या पाण्यासाठी वीस मायक्रॉनच्या आसपासची खडबड पुरते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. साबण किंवा तेल सांडणार असेल, तर मात्र कितीतरी जास्त खडबड हवी.

ब्रिटनमध्ये हे मोजायला लंबक वापरतात. त्याच्या टोकाला रबराचा तुकडा लावून तो ओल्या फरशीवरून झुलवायचा. आकडा ३६ किंवा अधिक आला तर घसरण्याचा धोका कमी. अनवाणी पायांसाठी निराळे, मऊ रबर असते. विक्रेत्याला विचारायचे ते ओल्या फरशीचेच. कोरडीचा आकडा आपल्या काय कामाचा?

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूच्या जागेपाशी पूर्वी खडबडीत शहाबादी होती. देणग्या जमल्या, ती काढून चकचकीत काँक्रीट केले. वजू करून ओल्या, अनवाणी पायांनी उठणारे बहुतेक साठीपुढचे. पहिल्याच पावसाळ्यात एक चाचा पडले आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून ते घरीच, खुर्चीवर बसून नमाज पढतात. देवळाच्या गाभाऱ्यापुढे अभिषेकाचे पाणी सांडते, तिथेही हेच भय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त.

पूर्वी गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून द्यायला बाया दारोदार फिरत. फरशीलाही तसेच करता येते. ती जाड दाण्याच्या चकतीने पुन्हा घासता येते, किंवा वाळूचे कण मिसळलेला लेप देता येतो. वरून मेण किंवा पॉलिश चढवू नये. पुसताना साबण बेताचा घ्यावा आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून फरशी कोरडी करावी, नाहीतर साबणाचा पापुद्रा राहतो. सुटे पायपुसणे तर स्वतःच घसरते. ते मागे रबर असलेलेच हवे.

मशिदीत अखेर वजूच्या जागेपासून आतल्या चटईपर्यंतचा पट्टा पुन्हा घासून खरखरीत करून घेतला. कमिटीतल्या काहींना तो आता मळकट दिसतो. दिसेना का!