हनिमूनला जपान, पण टोकियो नाही

(बोललेल्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेच कमी केलेत, बाकी जसं बोलले तसं.)

लग्नाचा सीझन जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "ताई, हनिमूनला जपान करावं म्हणतोय, पण गर्दी नको. कुठे जाऊ?" तर आजचा भाग त्यावर. आणि मी आमचंच उदाहरण सांगणार आहे, चुकांसकट.

आमचं लग्न डिसेंबरातलं. तुळशीचं लग्न लागलं की जो मुहूर्तांचा धडाका सुरू होतो ना, त्यातलं. साखरपुडा झाल्यावर एका ट्रॅव्हलवाल्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. 8 दिवस: टोकियो, हाकोने, नागोया, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा. रोज सकाळी साडेसातला बॅगा घेऊन लॉबीत हजर. होणारा नवरा खूश. मी म्हटलं, "अरे, ही शाळेची सहल आहे!" तो म्हणाला, "एवढे पैसे घालून जायचं तर सगळं बघून नको का यायला?" आमचं पहिलं खरं भांडण ते. लग्नाआधीच.

शेवटी त्यानं विचारलं, "मग तुला तिथे नक्की करायचंय काय?" मी म्हटलं, "समुद्राशेजारी बसायचंय आणि सकाळी कुणी उठवायला नको." आता हा गुहागरचा. म्हणाला, "समुद्र बघायला जपान? आमच्या घरी चल की, फुकट आहे." (हसते) मुद्दा बरोबर होता, काय बोलणार!

पण मी त्याला एक फोटो दाखवला. डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या कडेनं लाकडी घरांची रांग, आणि घरांचे पाय थेट पाण्यात. खाली होडी, वर माणसं. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "भरतीला घरात पाणी नाही शिरत?"

त्या प्रश्नावर आमचं हनिमून ठरलं.

ते गाव म्हणजे इने. क्योटो म्हटलं की आपल्याला देवळं आणि गर्दी आठवते. पण क्योटो प्रांत उत्तरेला थेट जपानच्या समुद्रापर्यंत जातो. तिथे टांगो नावाचं द्वीपकल्प आहे आणि इने त्याच्या पूर्व किनाऱ्यावर. अशी साधारण 230 घरं आहेत, त्यांना 'फुनाया' म्हणतात. आणि नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: आपल्याकडे कोकणात भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो, तर जपानच्या समुद्रात तो जेमतेम अर्धा मीटर. शिवाय खाडीच्या तोंडाशी आओशिमा नावाचं बेट आडवं उभं आहे, ते लाटा अडवतं. म्हणून पाण्याला इतकं खेटून घर बांधता येतं. 2005 साली जपान सरकारनं या वस्तीला जतन करायच्या वारशाचा दर्जा दिला.

आता प्लॅन ऐका. आम्ही 8 दिवसच घेतले, पण ठिकाणं 7 ऐवजी 4. ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरायचं, क्योटोला 2 रात्री, मग अमानोहाशिदाते 1, इने 2, किनोसाकी 2. क्योटोहून अमानोहाशिदातेला थेट एक्सप्रेस आहे, साधारण 2 तास. तिथून इनेला रेल्वे नाही, बसनं तासभर. बस कमी असतात आणि संध्याकाळी लवकर संपतात, त्यामुळे शेवटच्या बसची वेळ आधी बघा, बाकीचं नंतर. इनेहून परत अमानोहाशिदातेला यायचं आणि टोयोओकाला गाडी बदलून किनोसाकी. किनोसाकीहून क्योटो किंवा ओसाकाला सरळ गाडीनं अडीच-पावणेतीन तास. एक लक्षात ठेवा: आपण जो देशभराचा जेआर पास घेतो तो टांगोच्या खासगी रेल्वेवर चालत नाही. तिथलं तिकीट वेगळं.

मोठ्या बॅगा बरोबर ओढू नका. क्योटोच्या हॉटेलमधून कुरिअरनं पुढच्या मुक्कामी पाठवता येतात, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचतात. जपानमध्ये हे अगदी सर्रास चालतं.

आता सीझन. इथे आमच्या घरच्यांना पटवायला लागलं. डिसेंबर-जानेवारीत जपानच्या या बाजूला आभाळ करडं, समुद्र खवळलेला आणि बर्फ. तिकडे म्हणच आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. खेकड्यांच्या शौकिनांसाठी मात्र नोव्हेंबर ते मार्च हाच मोसम, आणि तेव्हा किनोसाकीचे दर चढतात. आम्हाला ऊन हवं होतं. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांना सुट्ट्या असतात, तेव्हा जाऊच नका. जूनमध्ये पावसाळा. म्हणून मे महिन्याचा मधला काळ निवडला. सासूबाई म्हणाल्या, "पाच महिन्यांनी कसला गं हनिमून?" मग मधे दोन दिवस महाबळेश्वर करून आलो, म्हणजे सगळ्यांचं समाधान.

खाणं! हा सगळ्यात मोठा मुद्दा. मी शाकाहारी, नवरा मासे खाऊन मोठा झालेला. जपानमध्ये 'दाशी' नावाचं पाणी असतं, बहुतेक वेळा सुक्या माशांपासून काढलेलं, आणि ते सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतं. पारंपरिक निवासात, ज्याला र्‍योकान म्हणतात, रात्रीचं जेवण ठरलेलं असतं. ऐनवेळी "मला व्हेज द्या" चालत नाही. मी बुकिंगमध्ये नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं, तर एका ठिकाणानं नम्रपणे नाही कळवलं. दुसऱ्यानं विचारलं, "दाशी चालेल का?" त्यावर मला खरंच बसून विचार करावा लागला. मी ठरवलं, माशाचा तुकडा नको, दाशी चालवून घेईन. आईला अजून सांगितलेलं नाही. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि कडक शाकाहारी असाल तर फक्त खोली घ्या, जेवण घेऊ नका. मी मेतकूट नेलं होतं. तिथला गरम, चिकटसर भात आणि मेतकूट... बास. नवरा ताटातले मासे सोडून माझ्याकडे बघत होता.

इनेत बऱ्याच फुनायांमध्ये नुसती राहायची सोय असते, जेवण नसतं. गावात रात्री चालू राहणारी ठिकाणं मोजकी आणि तीही आधी सांगून ठेवावी लागतात. बसमध्ये चढण्याआधी थोडं खायला घेऊन ठेवा. आणि ही लोकांची घरं आहेत हं, फोटोसाठी कुणाच्या दारात शिरू नका.

किनोसाकी हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, 1,300 वर्षांची परंपरा सांगणारं. नदीकाठी विलोची झाडं आणि 7 सार्वजनिक स्नानगृहं. र्‍योकानमध्ये उतरलात की त्यांचा पास मिळतो. कुठलं कधी बंद आहे ते तिथे विचारून घ्यायचं. सगळं गाव युकाता घालून, लाकडी चपला वाजवत फिरत असतं. युकाता घालताना डावी बाजू वर घ्या. उजवी वर फक्त मृत माणसाला घालतात, आणि नव्या नवरीनं हे माहीत असलेलं बरं! स्नान स्त्री-पुरुषांचं वेगळं, अंगावर कपडा नाही, आधी साबणानं स्वच्छ धुऊन मगच पाण्यात. लाज वाटते, पहिली दहा मिनिटं. दोघांना एकत्र हवं असेल तर खासगी स्नानाची खोली असलेलं र्‍योकान बघा. जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी टॅटू असेल तर आत घेत नाहीत, पण किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत चालतो. एकमेकांची नावं गोंदवून घेतलेल्यांनी निश्चिंत राहा.

पैशांचं: र्‍योकानचा दर बहुधा माणशी असतो, खोलीचा नाही, आणि त्यात दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. आम्ही आधी खोलीचा समजून बजेट केलं आणि मग गार पडलो. लहान गावात रोख येन ठेवा.

आता जे सांगायला आज बसले, ते.

इनेतली पहिली संध्याकाळ. दिवसभर पर्यटक असतात, शेवटच्या बसबरोबर ते जातात. मग काहीच उरत नाही. मॉल नाही, बाजार नाही, टीव्ही लावला तर कळत नाही. खोलीखाली पाणी दगडाला लागल्याचा आवाज, बास. लग्नाआधी चार महिने आम्ही रोज फोनवर बोललो होतो, लग्नानंतर पाच महिने एका घरात होतो. तरी त्या रात्री नऊच्या सुमाराला नवरा म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय." बाबांच्या आजारपणात त्यानं कर्ज काढलं होतं. अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी होते.

मला राग आला. कर्जाचा नाही. त्या माणसाच्या जागी मीही काढलं असतं. राग याचा की आम्ही मिळून या ट्रिपचं बजेट केलं, एक्सेल शीट केली, आणि त्यात हा आकडाच नव्हता. मला माहीत असतं तर मी किनोसाकीचं महागाचं र्‍योकान घेतलंच नसतं. तो म्हणाला, "म्हणूनच नाही सांगितलं." आता यावर काय बोलणार? त्या रात्री काही सुटलं नाही. सकाळी उठलो तर समोरून मासेमारीच्या होड्या परत येत होत्या. तो मला कुठल्या होडीत काय असेल ते सांगत राहिला, मी ऐकत राहिले.

किनोसाकीला दुसऱ्या दिवशी मी स्नान करून बाहेर आले तर तो पुलावर थांबला होता, हातात दुधाच्या दोन बाटल्या. खोलीत गेलो आणि त्या बुटक्या टेबलावर खरं शीट केलं. हप्ते, माझा पगार, त्याचा पगार, सगळं.

त्या पीडीएफवाल्या ट्रिपला गेलो असतो तर रोज रात्री दमून झोपलो असतो. हे कळलं असतंच, पण कधीतरी बँकेच्या मेसेजवरून, घाईत, ऑफिसला निघताना.

म्हणून माझं सांगणं एवढंच. शांत जागा निवडणार असाल तर बस, जेवण, खोली सगळं महिने आधी पक्कं करा, कारण तिथे ऐनवेळी काही मिळत नाही. पण संध्याकाळ मोकळी ठेवा. आणि बुकिंगच्या आधी एकदा समोरासमोर बसून तीन गोष्टी बोला: कोण काय खाणार, कुणाला कशाची लाज वाटते, आणि खिशात खरे किती आहेत. तिसरी आम्ही उशिरा बोललो.

जाता जाता, अमानोहाशिदातेबद्दल. समुद्रात साडेतीन किलोमीटरची वाळूची पट्टी, तिच्यावर हजारो पाइनची झाडं. नावाचा अर्थ 'स्वर्गातला पूल'. टेकडीवर जायचं, समुद्राकडे पाठ करायची, वाकायचं आणि स्वतःच्या दोन पायांमधून उलटं बघायचं. मग तो पूल आभाळात गेल्यासारखा दिसतो. नवऱ्यानं आधी नाही म्हटलं, लोक बघतील म्हणून. मग बघितलं तर सगळेच वाकलेले!

तुमचे प्रश्न पाठवा, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!