मूर्तीला डोळे देणाऱ्या गावात स्वागत



पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांच्या वतीने या साहित्य संमेलनात आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. पेण म्हटले की गणपती आठवतो. हमरापूर-जोह्यापासून पेणच्या आळ्यांपर्यंत वर्षभर मूर्ती घडतात. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. पण डोळ्यांची आखणी एकेका मूर्तीपुढे बसून, श्वास रोखून, बारीक कुंचल्यानेच करावी लागते. याच तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. ‘गीताई’मुळे ते घरोघरी पोचले, पण नव्या करारातली वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध करणारेही तेच, ही आठवण आज मुद्दाम जागवावीशी वाटते. रोहा ही पांडुरंगशास्त्री आठवल्यांची जन्मभूमी. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली बोलतात. म्हणून ‘ख्रिस्ती वाचक आणि ऐतिहासिक कादंबरी’ हा आपला विषय आमच्या भागाला परका नाही.

उदाहरण म्हणून महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ घेऊ. ही कादंबरी सोळाव्या शतकातल्या गोव्यातील धर्मांतराची कथा सांगते. ख्रिस्ती वाचकाने ती कोणत्या कसोटीवर पारखावी? ‘माझ्या धर्माची निंदा झाली का’ ही कसोटी अपुरी आहे. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, गोव्यात १५६० साली आले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत राहिले. हे लिहिणे निंदा नव्हे. मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीच सत्याच्या नावाने झालेल्या बळजबरीबद्दल क्षमा मागितली. खरी कसोटी आखणीची आहे. पाद्री, फिरंगी, बाटलेला शेतकरी ही माणसे साच्यातून काढलेली आहेत, की प्रत्येकाला स्वतःचे डोळे आहेत? सत्ता आणि श्रद्धा यांतला फरक लेखकाला दिसतो का? कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, तिच्याकडे पुरावा कशाला मागायचा? मान्य, पण ती काळाचे नाव घेऊन उभी राहते, तेव्हा त्या काळातल्या माणसांचे देणे तिला लागतेच. कोणी म्हणेल, धर्माच्या चष्म्यातून वाचणे संकुचित. मात्र आपल्याच पूर्वजांची कथा वाचणाऱ्याला इतरांच्या नजरेतून सुटलेले दिसते. बळजबरीने धर्म बदललेल्यांच्या नातवंडांनी तोच धर्म मनापासून कसा जपला, हा प्रश्न तोच विचारू शकतो. विनोबांनी दुसऱ्याचा ग्रंथ आदराने वाचला; आपल्या इतिहासातले दुखरे पान तितक्याच प्रामाणिकपणे वाचणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

आमच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, याची जाणीव आहे. निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना दूर उतरावे लागले, मांडवात उकाडा आहे, पंखे कमी आहेत. जेवणाची पंगत लांबली तर सांभाळून घ्यावे. ज्या मूर्तिकारांनी ऐन कामाच्या दिवसांत कारखान्यांच्या जागा मोकळ्या करून दिल्या, ज्या व्यापाऱ्यांनी धान्य पाठवले, रोह्याहून ज्यांनी पोह्यांची पोती पोचवली, ज्या शाळांनी वर्ग आणि बाके दिली, ज्या भगिनींनी पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळले, ज्या तरुणांनी स्थानकावर उभे राहून पाहुण्यांच्या पिशव्या उचलल्या आणि ज्या देणगीदारांनी नाव न सांगण्याच्या अटीवर मदत केली, त्या सर्वांचे ऋण स्वागत समिती मानते. काही राहून गेले असेल तर दोष माझा समजावा. इथून निघताना एखाद्या कारखान्यात थोडा वेळ थांबा आणि आखणी पाहा. या दोन दिवसांतल्या चर्चेने आपल्या कादंबरीतल्या एखाद्या साचेबंद माणसाला डोळे मिळाले, तर आमच्या गावाचे आतिथ्य सार्थकी लागले असे आम्ही मानू.