पट्टीवर तिचं नाव

माणिकडोह, वडज, येडगाव धरणांच्या पाण्यानं जुन्नर तालुका भाजीपाल्याचा झाला, हे आम्ही नारायणगावकर अभिमानानं सांगतो. पण पाण्याचं श्रेय देताना हातांचं राहून जातं. मेथीची जुडीच घ्या. मूठभर मेथी उपटायची, मुळांची माती झटकायची, पिवळं पान खुडायचं आणि काड्या सारख्या धरून अशी बांधायची, की ढिगात एकही जुडी उणी दिसू नये. लिलावात शेकड्याला निघणारा भाव बराचसा या बांधणीवर ठरतो आणि ती बांधणी बाईची असते. आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, मात्र घरातल्या पुरुषाच्या नावानं फाटते. 2011 च्या जनगणनेत देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 65 टक्के शेतीत होत्या. 2015-16 च्या कृषी गणनेत मात्र वहिवाटदार म्हणून त्यांचं प्रमाण जेमतेम 14 टक्के भरलं.

जमीन नावावर होणं हा खरा उपाय, यात शंका नाही. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, पुढे शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि अनेकांनी आपणहून पत्नीच्या नावे जमीन केली. पण सातबारा बदलेपर्यंत थांबायचं कशाला? बाजारात माल विकायला सातबारा लागत नाही. ज्या नावानं माल उतरतो, त्या नावानं पट्टी होते.

घर एक, चूल एक, मग नाव कुणाचं यानं काय बिघडतं, असं विचारलं जातं. बिघडत नसेल, तर तिचं नाव घालायलाही हरकत नसावी. पण बिघडतं. कर्ज मागायला गेल्यावर बँक व्यवहाराचा कागद बघते. वीस वर्षं माल पिकवलेल्या बाईकडे तो एकही नसतो. नवरा गेला, तर त्याच गाळ्यावर तोच माल घेऊन गेलेली ती अनोळखी ठरते. दुसरा आक्षेप मात्र मला जास्त वजनाचा वाटतो: मोठ्या शहरांचे बाजार अपरात्री, पहाटे भरतात, तिथं बाईनं जायचं कसं? उजेड, स्वच्छतागृह, बसायला सुरक्षित जागा हे मागितलंच पाहिजे. तरीही पट्टीसाठी हजर राहावंच लागतं असं नाही. आजही कितीतरी शेतकऱ्यांचा माल टेम्पोवाला पोचवतो आणि पट्टीही तोच आणून देतो. राहिली रूढी. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याकडूनच कापायची, हीही जुनी रूढी होती. 2016 साली राज्यानं ती खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले आणि मग तेच बाजार नव्या नियमानं सुरू झाले.

म्हणून भाजी उत्पादकांच्या या संमेलनाच्या स्वागत समितीची विनंती आहे, की पिकवणारीच्या नावानं पट्टी आणि तिच्याच खात्यात पैसे, हा ठराव पहिल्याच सत्रात चर्चेला घ्यावा. बाजार समित्यांचे संचालक आणि आडते समोरच बसलेले आहेत. त्यांच्या अडचणीही आजच ऐकून घेऊ.