कॉलेजात धर्माचा अभ्यास

मुलानं कॉलेजात धर्माचा अभ्यास करायचं ठरवलं, की घरात दोन शंका निघतात. पोटापाण्याचं काय? आणि पोराचा देवावरचा विश्वास तर उडणार नाही ना? पहिली उघड बोलतात. दुसरी मनात राहते. मी दुसरीविषयीच बोलतो.

घटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे, पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मोपदेश देता येत नाही. पण धर्मांविषयी शिकवणं निराळं. सर्वोच्च न्यायालयानंही २००२ साली हा भेद मानला. डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानं (१९४८-४९) तर पदवीसाठी क्रमच सुचवला होता : पहिल्या वर्षी बुद्ध, येशू, कबीर, नानक अशांची चरित्रं, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले वेचे, आणि तात्त्विक प्रश्न तिसऱ्या वर्षी. आधी माणूस, वाद शेवटी! आपण पारावर नेमकं उलटं करतो.

वर्गात आरती म्हणवून घेत नाहीत, नमाजही नाही. वारकरी वारीला का जातो, मुसलमान रोजा का धरतो, हे त्याच्या बाजूनं समजून घ्यायचं असतं. मग आपल्या देव्हाऱ्याविषयीही प्रश्न पडणारच. सुटीत घरी आलेला मुलगा विचारील, "आबा, हे आपण का करतो?" त्याला दटावू नका. ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा.