वेटिंग लिस्टवर नाव लागले, आता पुढे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'निवासी शाळेतील प्रवेश' असा मोठा आहे. मी त्यातील एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपण खाजगी निवासी शाळेचा अर्ज भरतो, मूल परीक्षा देते, मुलाखत होते आणि एक दिवस पत्र येते की, आपल्या पाल्याचे नाव प्रतीक्षा यादीवर आहे. शाळेने 'नाही' म्हटले असते तर घरची माणसे दोन दिवस हळहळून कामाला लागली असती. 'हो' म्हटले असते तर पेढे वाटले असते. या पत्राने दोन्ही होत नाही. आणि नेमक्या या मधल्या काळात घरचा पैसा व मुलाचे वर्ष, दोन्हीचे नुकसान होते.

वसतिगृहात राहून शिकणे आपल्या समाजाला नवे नाही. कोल्हापुरात १९०८ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. अशा वसतिगृहांच्या आधाराने शिकलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज मोठ्या फीच्या शाळांचे अर्ज भरतात, याचा मला आनंदच आहे. पण त्या शाळांचा व्यवहार वेगळा असतो, तो समजून घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट, निवासी शाळेची यादी बाकाची नसते, खाटेची असते. साध्या शाळेत एक बाक जास्त टाकता येतो. वसतिगृहात खाट, कपाट, न्हाणीघर सगळे मोजलेले असते. म्हणून मुलांची यादी निराळी, मुलींची निराळी आणि प्रत्येक इयत्तेची निराळी. मुलांच्या चार जागा रिकाम्या झाल्या तरी मुलींची यादी जागची हलत नाही. जागा केव्हा रिकाम्या होतात? ज्यांनी दोन-तीन शाळांत अर्ज केलेले असतात ते एक शाळा निश्चित करतात व बाकीच्यांची फी मुदतीत भरत नाहीत, तेव्हा. दुसरी वेळ शाळा सुरू झाल्यावर येते. घरची आठवण काढून रडणारी काही मुले पहिल्या पंधरवड्यातच परत जातात.

शिवाय काही शाळा यादीला क्रमांक देतात, काही देतच नाहीत. क्रमांक नसेल तर जागा निघाली म्हणजे कोणाला बोलवायचे ते शाळा त्या वेळी ठरवते. म्हणून पत्र हातात पडताच शाळेला लेखी विचारावे. यादीला क्रम आहे काय? ती कोणत्या तारखेला रद्द होते? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज व परीक्षा द्यावी लागेल काय? तेव्हा मुलाचे वय बसेल काय? हे विचारताना आपले लोक उगाच संकोचतात. आपण अर्जाचे पैसे भरलेले आहेत.

आमच्या वस्तीतील एका मुलीचे नाव सहावीच्या यादीत चौथे होते. वडिलांनी रेल्वेचा हिशेब लावला, वेटिंग चार म्हणजे कन्फर्म होणारच. त्यांनी मे महिन्यातच जुन्या शाळेतून दाखला काढला. नातेवाइकांना सांगून झाले, ट्रंक घेऊन झाली. जुलैच्या मध्याला शाळेचे पत्र आले की यादी बंद झाली आहे. पोरगी महिनाभर घरी बसून होती. जुन्या शाळेत परत गेली तेव्हा मैत्रिणी विचारू लागल्या, "तू तर जाणार होतीस ना?" परीक्षेत नापास झालेल्या मुलाला निदान उत्तर माहीत असते. या मुलीजवळ उत्तरच नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, जागा लेखी निश्चित होईपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला काढू नये. निश्चित झाल्यावर तो काढता येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाने बदली मागितल्यास मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा लागतो. आणि एखाद्याने तो आधीच काढला असेल, तरी घाबरून मुलाला घरी बसवू नये. त्याच कायद्याने उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जवळच्या सरकारी शाळेत जाऊन उभे राहावे.

आता पैशाकडे वळतो, कारण माझे आयुष्य बँकेच्या काउंटरवर चालले आहे. एप्रिल ते जून मी हे दर वर्षी पाहतो. प्रतीक्षा यादीचे पत्र दाखवून लोक मुदत ठेव मोडायला येतात, सोने तारण ठेवतात. उच्च शिक्षणासाठी मिळते तसे शैक्षणिक कर्ज सहसा शाळेच्या फीसाठी मिळत नाही, म्हणून ही धावपळ. पण सोनेतारण कर्जाचे व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते, जागा मिळो न मिळो. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर बहुधा व्याज कापले जाते. त्यापेक्षा थांबावे, आणि गरज पडलीच तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्यावे. डिमांड ड्राफ्टही आधीपासून काढून ठेवू नये. एप्रिल २०१२ पासून त्याची मुदत तीनच महिने आहे. काढलाच असेल आणि शाळेला दिला नसेल, तर मूळ ड्राफ्ट बँकेत परत करून रद्द करता येतो.

याच काळात एखादा 'ओळखीचा' माणूस भेटतो. एवढे दिले तर नाव वर सरकवतो म्हणतो. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यास १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. पावती मिळत नाही असा पैसा देऊ नये. तो परत मागायला जाताना आपल्याजवळ कागदाचा कपटाही नसतो.

एकाच यादीकडे डोळे लावून बसायचे कारणही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने 'श्रेष्ठ' योजना सुरू केली. अनुसूचित जातींच्या मुलांना नववी व अकरावीत चांगल्या खाजगी निवासी शाळांत प्रवेश आणि फी व राहण्याचा खर्च सरकारचा, अशी ती आखली गेली. वर्षाला सुमारे ३,००० जागा आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, अशी अट ठेवली गेली. शाळा गुणक्रमाने आणि आपण दिलेल्या पसंतीक्रमाने मिळते, म्हणून पसंतीच्या शाळा दोन-तीनच लिहून थांबू नये. ज्या वर्षी अर्ज करायचा, त्या वर्षीचे माहितीपत्रक मात्र वाचावे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पासून आहेत, पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो आधी काढून ठेवा. तिथे घाई चालते!

नवोदय विद्यालय खाजगी नाही, पण निवासी आहे आणि शिक्षण मोफत आहे. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावतीला १९८५-८६ मध्ये निघाले. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि त्या जागेसाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. चौथीत मुलाला शहरात आणणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. सहावीची प्रवेश परीक्षा एकदाच देता येते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. तुमचे नाव यादीत आहे याचा अर्थ शाळेने तुम्हाला अपात्र ठरवलेले नाही. खाटा संपल्या, एवढेच. जून उजाडला की आहे त्या शाळेची पुस्तके आणा, वह्यांना कव्हरे घाला आणि पहिल्या दिवसापासून जा. बोलावणे आले तर तिकडे, नाही आले तर अभ्यास मागे पडलेला नसेल.

ज्यांच्याकडे असे पत्र आले असेल त्यांनी ते घेऊन सभा संपल्यावर माझ्याकडे यावे. शाळेला पाठवायच्या चौकशीच्या पत्राचा मसुदा मी करून आणला आहे, इथेच बसून लिहून टाकू. जयभीम.